हौद, धरण आणि वसतिगृह : राजर्षी शाहू महाराजांनी घडविलेले कोल्हापूर

दरवर्षी जून महिन्यात आपल्या निवासी शाळेत नवे विद्यार्थी दाखल होतात. एका हाती पत्र्याची पेटी, दुसऱ्या हाती आईने बांधून दिलेली शिदोरी आणि डोळ्यांत घर सुटल्याचे पाणी, असे ते चित्र या शाळेच्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याच्या मनात कायमचे कोरलेले आहे. रेल्वेने येणारे पालक कोल्हापूरच्या स्थानकावर उतरतात. बाहेर पडताच शाहूपुरीची पेठ लागते. थोडे पुढे गेले की दसरा चौक येतो आणि चौकाच्या आजूबाजूला जुन्या बोर्डिंगांच्या इमारती दिसू लागतात. नळाचे पाणी पिऊन, क्षणभर विसावून पालक पुढची वाट धरतात. रेल्वे, पेठ, वसतिगृह, पाणी या साऱ्या गोष्टी त्यांना इतक्या सवयीच्या झालेल्या असतात की त्यामागे कोणाची तरी दृष्टी, कोणाचे तरी कष्ट आणि कोणाचा तरी संघर्ष आहे, याचे भान त्या धावपळीत राहत नाही.

२६ जून हा राजर्षी शाहू महाराजांचा जन्मदिवस महाराष्ट्रात सामाजिक न्याय दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशीच्या भाषणांत आरक्षणाचा जाहीरनामा, वेदोक्त प्रकरण आणि माणगावची परिषद यांचा उल्लेख हमखास येतो, आणि तो यायलाच हवा. परंतु महाराजांच्या कार्याची आणखी एक बाजू आहे आणि तिच्याकडे आपले लक्ष कमी जाते. ते नगरे वसविणारे, धरण बांधणारे, पेठा व गिरण्या उभारणारे राज्यकर्ते होते. त्यांचे हे बांधकाम आणि त्यांचे समतेचे कार्य ही दोन वेगळी प्रकरणे नव्हेत, हे दाखविणे हा या लेखाचा हेतू आहे.

जडणघडण

शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कसबा बावडा येथील लक्ष्मीविलास राजवाड्यात कागलच्या घाटगे घराण्यात झाला. त्यांचे मूळ नाव यशवंतराव. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब, आई राधाबाई. आईचे छत्र त्यांच्या बालपणीच हरपले. त्या वेळी कोल्हापूरच्या गादीची स्थिती करुण होती. छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांचा १८८३ साली अहमदनगरच्या किल्ल्यात, इंग्रजांच्या नजरकैदेत अंत झाला होता. त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांनी १७ मार्च १८८४ रोजी यशवंतरावांना दत्तक घेतले आणि ते शाहू छत्रपती झाले. दोन वर्षांनी जन्मदाते वडीलही गेले.

पोरके झालेले हे बालराजे प्रथम राजकोटच्या राजकुमार महाविद्यालयात आणि नंतर धारवाडला स्टुअर्ट फ्रेझर यांच्या देखरेखीखाली शिकले. इतिहास, राज्यकारभार व इंग्रजी यांबरोबरच देशभर प्रवास करून जग पाहण्याची सवय त्यांना याच काळात जडली. २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभाराची सूत्रे हाती घेतली, तेव्हा त्यांना वीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

हाती आलेले शहर

महाराजांच्या हाती आलेले कोल्हापूर ओसाड नव्हते. त्यांच्या अल्पवयीन काळात कारभार इंग्रजांच्या देखरेखीखालील मंडळाकडे होता आणि त्या काळात व त्याआधीही शहरात बरीच बांधकामे झाली होती. टाऊन हॉल, नवा राजवाडा, मोठे रुग्णालय आणि हायस्कूलची इमारत उभी राहिली होती. कळंबा तलावातून शहराला पाणी येऊ लागले होते. कोल्हापूर ते मिरज या सुमारे २९ मैलांच्या रेल्वेमार्गाच्या कामाचा प्रारंभ १८८८ साली बालराजांच्याच हस्ते झाला होता. त्या वेळी त्यांना चौदा वर्षेही पूर्ण झाली नव्हती. १८९१ साली ही रेल्वे सुरू झाली आणि कोल्हापूर दूरच्या बाजारपेठांशी जोडले गेले. आज त्या स्थानकाला महाराजांचेच नाव आहे.

मग उणीव कोठे होती? उणीव अशी होती, की या इमारतींची दारे सर्वांना सारखी उघडी नव्हती. दरबारातील महत्त्वाच्या जागा एका जातीच्या हाती एकवटल्या होत्या. शिक्षणाच्या सोयी होत्या. पण खेड्यातील कुणब्याच्या, महारा-मांगाच्या मुलाला शहरात राहायला जागा नव्हती. पाणी होते, पण ते कोणी भरायचे आणि कोणी दुरून ओंजळ पसरायची, हे जात ठरवीत होती. रस्ता, पाणवठा, दवाखाना व शाळा यांना सार्वजनिक म्हणायचे आणि ज्या समाजाच्या श्रमावर त्यांची उभारणी झाली त्यालाच तेथून हुसकावून लावायचे, ही त्या काळची रीत होती. हे चित्र केवळ कोल्हापूरचे नव्हते, साऱ्या देशाचे होते. शाहू महाराजांचे मोठेपण असे की त्यांनी नवी बांधकामे तर केलीच, पण त्याबरोबर जुन्या बांधकामांच्या दारांवरील अडसरही काढण्यास हात घातला. पहिले काम पैशाने होते, दुसऱ्यासाठी धैर्य लागते.

पेठ, गिरणी आणि नवे नगर

गादीवर आल्यावर वर्षभरातच, १८९५ साली, रेल्वे स्थानकाच्या परिसरात महाराजांनी शाहूपुरी ही नवी व्यापारी पेठ वसविली. कोल्हापूरच्या काळ्या मातीत ऊस पिकत होता आणि घरोघरी गुऱ्हाळे चालत होती. पण गुळाला हक्काची बाजारपेठ नव्हती. रेल्वेमुळे माल बाहेर नेण्याची सोय झाली होती. पेठ रेल्वेजवळ हवी, हे महाराजांनी अचूक ओळखले. व्यापाऱ्यांना जागा व सवलती देऊन त्यांनी तेथे वसविले. पुढे कोल्हापुरी गूळ हे नाव देशभर गाजले, त्याचा पाया या निर्णयात होता.

पण नव्या राज्यकर्त्याची पहिली कसोटी निसर्गाने घेतली. १८९६-९७ साली दुष्काळ पडला आणि त्यापाठोपाठ प्लेगची साथ आली. महाराज स्वतः गावोगाव फिरले. स्वस्त धान्याची दुकाने उघडली, जनावरांसाठी चाऱ्याची व्यवस्था केली, कामे काढून हाताला मजुरी दिली. कामावर आलेल्या मजूर स्त्रियांच्या लहान मुलांसाठी त्यांनी शिशुसंगोपनगृहे चालविली. ज्या काळात मजुराला माणूस समजण्याचीही तयारी नव्हती, त्या काळात मजूर आईच्या तान्ह्या मुलाचा विचार राजाने करावा, ही साधी गोष्ट नव्हे. दुष्काळाने महाराजांना आणखी एक गोष्ट शिकविली. पावसावर सोडून दिलेली शेती म्हणजे दैवावर सोडून दिलेली रयत. पुढील धरणाचे बीज येथे रुजले.

१९०६ साली शाहू छत्रपती कताई-विणाई गिरणीची पायाभरणी झाली. शहराला उद्योग मिळाला आणि खेड्यातून आलेल्या कष्टकऱ्याला बारमाही काम मिळाले. शाहू मिलच्या भोंग्यावर घड्याळ लावणाऱ्या पिढ्या या शहराने पाहिल्या आहेत आणि आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या आजोबा-पणजोबांनी त्या गिरणीत घाम गाळला आहे. १९१३ साली संस्थानात सहकाराचा कायदा झाला आणि पतपेढ्यांच्या वाटचालीस आरंभ झाला. मिरजेकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर महाराजांनी आपल्या जन्मदात्या वडिलांच्या नावाने जयसिंगपूर हे नवे नगर वसविले. सरळ रुंद रस्ते, एकमेकांना काटकोनात छेदणाऱ्या गल्ल्या आणि मध्यभागी व्यापाराची सोय अशी त्याची आखणी झाली. तेथील गल्ल्यांना आजही क्रमांकांनी ओळखतात. जुन्या गावांत वाडे-आळ्यांची ओळख जातीच्या नावाने होत असे, हे लक्षात घेतले म्हणजे त्या साध्या क्रमांकाचे वेगळेपण जाणवते.

शहर केवळ बाजार व गिरणी यांवर जगत नाही. १९०२ साली सातव्या एडवर्ड बादशहांच्या राज्यारोहण समारंभासाठी महाराज विलायतेला गेले, तेव्हा त्यांनी युरोपातील अनेक शहरे पाहिली. रोममधील प्राचीन प्रेक्षागार पाहून कुस्तीसाठी तसे भव्य मैदान बांधण्याची कल्पना त्यांच्या मनात आली आणि १९१२ साली खासबाग मैदान खुले झाले. कोणत्याही कोपऱ्यात बसलेल्या माणसाला कुस्ती स्पष्ट दिसावी, अशी त्याची रचना आहे. शेजारीच १९१५ साली पॅलेस थिएटर उभे राहिले. तेच पुढे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह झाले. २०२४ सालच्या ऑगस्टमध्ये हे नाट्यगृह आगीत भस्मसात झाले, त्या रात्री कोल्हापूरकरांच्या डोळ्यांत उभे राहिलेले पाणी एका इमारतीसाठी नव्हते. राजाने लोकांसाठी बांधलेली वास्तू ही लोकांना आपल्या घरासारखी वाटत होती, याची ती साक्ष होती.

राधानगरी

महाराजांच्या बांधकामांत सर्वांत मोठे काम राधानगरीच्या धरणाचे. विलायतेहून परतल्यावर त्यांनी संस्थानात पाटबंधाऱ्यांचे स्वतंत्र धोरण आखले, जुन्या विहिरी-तलावांची पाहणी करविली आणि पाणी अडविण्याच्या जागा शोधण्यास अधिकारी नेमले. सह्याद्रीच्या कुशीत, भोगावती नदीवर, फेजिवडे गावाजवळ जागा निश्चित झाली. १९०७-०८ च्या सुमारास काम सुरू झाले. तेथे वसलेल्या नगराला महाराजांच्या कन्येच्या नावावरून राधानगरी असे नाव पडले आणि जलाशयाला राणीसाहेबांच्या नावावरून महाराणी लक्ष्मीबाई तलाव.

एका लहान संस्थानाच्या तिजोरीला हे काम पेलणे सोपे नव्हते. चुना, दगड, माणसे, सारे घाटमाथ्याच्या मुसळधार पावसाच्या प्रदेशात न्यायचे. वर्षातील चार महिने काम बंद. तरीही दहा वर्षांत बांध सुमारे चाळीस फुटांपर्यंत चढला. त्यानंतर निधीअभावी काम थांबले आणि महाराजांच्या हयातीत ते पुन्हा सुरू होऊ शकले नाही. त्यांचे पुत्र राजाराम महाराज यांच्या कारकिर्दीत काम पुन्हा हाती घेतले गेले आणि स्वातंत्र्यानंतर १९५० च्या दशकात धरण पुरे झाले. आज त्याची साठवण क्षमता सुमारे ८.३६ टीएमसी आहे. पावसाळ्यात त्याचे सात स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की पंचगंगेकाठचे प्रत्येक गाव सावध होते. भोगावतीचे हे पाणी कुंभी, कासारी, तुळशी यांच्यासह पंचगंगेत येते. या खोऱ्यातील ऊस, गूळ, पुढचे साखर कारखाने आणि शहरांचे पाणी, या सर्वांच्या मुळाशी हे धरण आहे.

जो राज्यकर्ता केवळ स्वतःच्या कीर्तीसाठी बांधतो, तो आपल्या हयातीत पुरे होईल असे काम निवडतो. महाराजांनी निवडलेले काम पुरे व्हायला जवळजवळ अर्धशतक लागले. सम्राट अशोकाने वाटांवर वड लावले, विहिरी खोदविल्या, माणसांबरोबर जनावरांच्याही पाण्याची सोय केली, हे त्याच्या शिलालेखांवरून आपल्याला ठाऊक आहे. लोकांच्या गरजेसाठी बांधणे हा राज्यकर्त्याचा धम्म आहे, ही भारतातील प्राचीन परंपरा. राधानगरी त्या परंपरेतील आहे.

वसतिगृहांची नगरी

शाळा उघडली म्हणजे शिक्षण पोहोचले, असे होत नाही. शाळेपर्यंत येणाऱ्या मुलाने रात्री कोठे झोपावे आणि दोन वेळा काय खावे, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. हे ज्याला कळले, त्याला शिक्षणाचा खरा प्रश्न कळला. १८९६ साली महाराजांनी सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एक वसतिगृह सुरू केले. त्याचा अनुभव कडू ठरला. सर्वांसाठी म्हणून उघडलेल्या त्या वसतिगृहाचा लाभ प्रत्यक्षात उच्चवर्णीय विद्यार्थ्यांनाच मिळाला आणि बहुजन समाजाची मुले बाहेरच राहिली. कागदावर दार सर्वांसाठी उघडे ठेवले तरी आत कोण जातो, हे समाजाची घडण ठरविते, हा त्यातील धडा.

महाराजांनी मग वेगळा मार्ग घेतला. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. त्याच वर्षी जैन विद्यार्थ्यांचे वसतिगृह निघाले. त्यानंतर मुस्लिम, लिंगायत, नामदेव शिंपी, देवज्ञ, सारस्वत, ख्रिस्ती, ढोर-चांभार अशा एकेका समाजाची वसतिगृहे उभी राहिली. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग स्थापन झाले. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या कन्येचे नाव त्याला देण्यात आले होते. महाराजांनी या संस्थांना जागा दिल्या, इमारतींसाठी पैसे दिले, कायम उत्पन्न लावून दिले. १९१८ साली त्यांचे धाकटे पुत्र प्रिन्स शिवाजी यांचा शिकारीतील अपघातात मृत्यू झाला. त्या आघाताने खचलेल्या पित्याने मुलाच्या नावाने गरीब विद्यार्थ्यांसाठी मोफत वसतिगृह उभे राहू दिले. पुत्राची आठवण त्यांनी परक्यांच्या लेकरांच्या ताटात ठेवली.

जातवार वसतिगृहे काढून महाराजांनी जातिभेद वाढविला, असा आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि आजही अधूनमधून ऐकू येतो. त्याचे उत्तर १८९६ च्या अनुभवात आहे. ज्यांना कोणीच पंक्तीला घेत नव्हते, त्यांच्यासाठी आधी स्वतःचे छप्पर हवे होते. मात्र महाराजांनी या व्यवस्थेला अंतिम मानले नाही. संस्थानात पूर्वीपासून अस्पृश्यांच्या स्वतंत्र शाळा चालत. १९१९ साली त्या बंद करून अस्पृश्य मुलांना सर्वसाधारण शाळांतच दाखल करण्याचा हुकूम त्यांनी काढला. त्याआधी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले होते, आणि मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला होता. आधी आधार आणि मग एकत्रीकरण, असा तो क्रम होता. आपल्यासारख्या निवासी शाळांची वंशावळ शोधायची झाली, तर ती या बोर्डिंगांपर्यंत जाते.

शिकून बाहेर पडलेल्या मुलाला संधी नसेल, तर वसतिगृह व्यर्थ. २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्याने संस्थानातील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. महाराज त्या वेळी विलायतेत होते. शाळा, वसतिगृह आणि नोकरी हे तीन टप्पे एकत्र पाहिले, म्हणजे या माणसाच्या विचारातील अभियंत्याची शिस्त दिसते. पाणी अडविले, पाटात सोडले आणि शेवटच्या शेतापर्यंत पोहोचविले, तरच धरणाला अर्थ असतो.

हौदाची गोष्ट

आता या चरित्रातील सर्वांत लहान बांधकामाकडे वळू. ते महाराजांनी बांधलेले नव्हते. दरबारच्या पागेजवळचा तो पाण्याचा एक हौद होता. गंगाराम कांबळे हे तेथे नोकरीस होते. तो हौद मराठा नोकरांसाठी राखलेला. गंगारामांनी त्यातील पाण्याला हात लावला, एवढ्याच कारणावरून त्यांना सवर्ण नोकरांनी अमानुष मारहाण केली. महाराज त्या वेळी परगावी होते. परत आल्यावर सोनतळी येथे गंगाराम त्यांच्यापुढे उभे राहिले आणि अंगावरचे वळ दाखवून त्यांनी आपली कहाणी सांगितली. महाराजांनी मारणाऱ्यांना कठोर शासन केले. पण तेवढ्यावर न थांबता गंगारामांना चाकरीतून मोकळे करून स्वतंत्र धंदा काढण्यास त्यांनी पैसे दिले.

गंगारामांनी भाऊसिंगजी रस्त्यावर सत्यसुधारक नावाचे हॉटेल काढले. महाराच्या हातचा चहा पिण्यास शहरात कोण येणार? महाराज स्वतः गाडी थांबवून तेथला चहा मागवू लागले. स्वतः घेत आणि सोबतच्या मानकऱ्यांनाही पाजीत. कामासाठी, सहीसाठी मागे लागलेल्या लोकांना ते तेथेच बोलावीत, असेही सांगतात. राजाच्या हातून आलेला पेला नाकारण्याची कोणाची छाती नव्हती. एका साध्या चहाच्या पेल्याने शेकडो वर्षांच्या विटाळाला भर रस्त्यात आव्हान दिले.

ही गोष्ट आपण मुलांना नेहमी सांगतो आणि ती ऐकताना मुले हसतात. परंतु तिच्यातील हौद आपण विसरता कामा नये. राजाच्या स्वतःच्या आवारात, राजाच्या खर्चाने बांधलेल्या हौदावर राजाचा नोकर पाणी पिऊ शकत नव्हता. आरक्षणाचा जाहीरनामा काढणाऱ्या राजाच्या अंगणात ही स्थिती होती. एका गंगारामाला न्याय देऊन हौद मोकळा होत नाही, त्यासाठी नियम लागतो, हे महाराजांनी ओळखलेले दिसते. १९१८ साली त्यांनी महार वतन रद्द करून वतनी जमिनी वैयक्तिक मालकीच्या केल्या आणि गावकीच्या गुलामीची बेडी तोडली. त्याच वर्षी गुन्हेगार ठरविलेल्या जमातींची रोजची हजेरी बंद केली. १९१९ साली हुकूम निघाले, की सरकारी दवाखाने, शाळा, धर्मशाळा, कचेऱ्या, सार्वजनिक विहिरी व पाणवठे यांत अस्पृश्यांना इतरांप्रमाणेच वागवावे आणि जो अधिकारी वा कर्मचारी तसे वागणार नाही त्याने नोकरी सोडावी. वेठबिगारही बंद झाली.

शहराच्या इतिहासात या हुकुमांचे स्थान मी राधानगरीच्या धरणाच्या बरोबरीचे मानतो. धरणाने पाणी साठविले, हुकुमांनी त्या पाण्यावरचा सर्वांचा हक्क सांगितला.

माणगाव आणि पुढे

विलायतेहून उच्चशिक्षण घेऊन आलेल्या एका तरुण विद्वानाची महाराजांना माहिती मिळाली आणि कोल्हापूरचे कार्यकर्ते दत्तोबा पोवार यांच्यासारख्यांच्या दुव्याने डॉ. बाबासाहेब आंबेडकर व महाराज एकमेकांच्या जवळ आले. राजा स्वतः मुंबईच्या परळमधील चाळीत बाबासाहेबांना भेटावयास गेला. ३१ जानेवारी १९२० रोजी मूकनायक सुरू झाले. त्यासाठी महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले. २१ व २२ मार्च १९२० रोजी माणगाव येथे बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. तेथे महाराजांनी जमलेल्या समाजाला त्यांचा खरा पुढारी आता त्यांना मिळाला आहे, याची ग्वाही दिली आणि पुढे हाच पुरुष साऱ्या देशाचे नेतृत्व करील, असा विश्वास व्यक्त केला. सत्ताधाऱ्याने आपल्या कृपेवर अवलंबून असलेला समाज तसाच राहावा अशी इच्छा धरणे स्वाभाविक असते. महाराजांनी त्या समाजाला स्वतःच्या पायांवर उभा करणारा नेता त्याच्या हाती दिला. त्यांच्या उदारतेची याहून मोठी खूण दुसरी नाही.

त्यानंतर दोनच वर्षांनी, ६ मे १९२२ रोजी, मुंबईत महाराजांचे निधन झाले. वय अवघे ४७ वर्षांचे. धरण अर्धवट होते आणि हुकुमांची अंमलबजावणीही अर्धवट होती.

येथे इतिहासाच्या शिक्षकाने भक्तीपलीकडे जाऊन एक गोष्ट नोंदविली पाहिजे. महाराजांनी दिलेले अधिकार राजाच्या हुकुमाने आले होते. राजा न्यायी होता तोवर हुकुमाला वजन होते. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा हुकूम काढून सांगावी लागली, याचाच अर्थ खालची यंत्रणा ती मनापासून पाळत नव्हती. कृपेने मिळालेले पाणी कृपा संपताच आटू शकते. ते कायद्याने आणि स्वतःच्या संघटित बळाने मिळवावे लागते. हे पुढचे काम बाबासाहेबांनी केले. १९२३ साली मुंबई कायदेमंडळाने सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव संमत केला, महाड नगरपालिकेनेही तळे खुले झाल्याचे ठरविले. पण तळ्यावर जाण्यास कोणी धजावत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो अनुयायांसह चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. तेथून निघालेली वाट संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदापर्यंत पोहोचली. त्यात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते व सार्वजनिक जागा यांचा नावानिशी उल्लेख आहे. राष्ट्राच्या सर्वोच्च कायद्यात विहीर आणि घाट हे शब्द का यावेत, असा प्रश्न विद्यार्थ्याने विचारला, तर त्याला गंगाराम कांबळे यांच्या पाठीवरचे वळ आठवून द्यावेत.

आणखी एक धागा येथे जुळतो. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांकडे पाटबंधारे, वीज व सार्वजनिक बांधकाम ही खातीही होती आणि दामोदर खोऱ्यासारख्या मोठ्या नदी-प्रकल्पांची पायाभरणी त्यांच्या धोरणातून झाली. पाणी आणि समता यांचा विचार एकत्र करणारे हे दोघे महापुरुष माणगावच्या मांडवात एकत्र बसले होते.

आपल्यावरील ऋण

महाराजांच्या निधनानंतर काही वर्षांतच कोल्हापुरात त्यांचे पहिले स्मारक उभे करण्यात पुढाकार घेतला, तो गंगाराम कांबळे यांनी. सरदार, जहागीरदार, व्यापारी यांच्या आधी, हौदावर मार खाल्लेल्या माणसाने राजाची स्मृती दगडात उभी केली. स्मारके बहुधा वरच्यांनी वरच्यांसाठी उभारलेली असतात. हे स्मारक तसे नाही.

आपली शाळा ही बुद्ध, फुले, शाहू, आंबेडकर यांच्या विचारांवर चालणारी संस्था आहे. येथील प्रत्येक खोलीत झोपणारे मूल, जेवणघराच्या पंक्तीत शेजारी कोणत्या जातीचा आहे हे न विचारता बसणारे मूल आणि नळाला तोंड लावून निर्धास्तपणे पाणी पिणारे मूल, ही त्या बांधकामाची पुढची वीट आहे. माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी अभियंता झाले असेल, कोणी नगरपालिकेत वा पाटबंधारे खात्यात असेल, कोणी गावचा सरपंच असेल. त्यांच्या टेबलावर रस्त्याचा, नळयोजनेचा, वसतिगृहाच्या दुरुस्तीचा कागद येईल, तेव्हा त्यांनी एकच गोष्ट तपासावी. हे पाणी वस्तीच्या शेवटच्या घरापर्यंत पोहोचते का? गावकुसाबाहेरच्या वस्तीतली नळाची तोटी आधी कोरडी पडते का? खर्चाच्या तक्त्यात हा रकाना नसतो. तो भरण्याची जबाबदारी शाहू महाराजांच्या या नगरीत शिकलेल्यांची आहे.

राजर्षी शाहू महाराजांच्या पवित्र स्मृतीस विनम्र अभिवादन.